होडीची पोंगासड

समोरच्या गच्चीवर कुणीतरी कूलरच्या टाकीला ठिगळ लावतंय. इथून माणूस दिसत नाही, पण वास आलाय. फायबरवर ओततात ना ते रेझिन, त्याचा वास. गोडसर, उग्र, थेट कपाळात जाणारा. जळगावात वैशाखाचं ऊन तापलं की माळ्यावरचे कूलर खाली उतरतात, गळक्या टाक्या उघड्या पडतात आणि गल्लीगल्लीतून हा वास फिरायला लागतो. आमच्या शेजारीणबाई धाडधाड खिडक्या लावून घेतात. मी उघडते. "डोकं दुखेल गं," असं आमचे हे दरवर्षी सांगतात आणि मी दरवर्षी ऐकत नाही. दुखू दे की. वर्षातून एकदाच तर येतो.

तो वास आला की आधी माझे हात खाजायला लागतात. खरंच खाजतात, उगाच नाही सांगत. मग तापीचा काठ दिसतो, काठावर विटांवर चढवलेली पिवळी होडी दिसते आणि तिच्या फाडलेल्या पोटात डोकी घालून बसलेली आमच्या घरची माणसं. आणि त्यामागोमाग तो प्रश्न येतो, जो त्या उन्हाळ्यात आम्ही एकमेकांना आणि गावानं आम्हाला शंभरदा तरी विचारला असेल. अहो, प्लॅस्टिक कधी सडतं का?

मी शाळेत विज्ञान शिकवते, पण माझी चौकशीची खोड त्याच्या आधीची आहे. बंद वस्तू दिसली की आत काय आहे ते पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. लहानपणी आबांचा रेडिओ उघडला होता, आईचं शिवणयंत्र उघडलं होतं, एकदा तर नवं कोरं कुलूप उघडून बसले होते आणि त्यापायी घर दिवसभर उघडं राहिलं होतं. त्यामुळे धाकट्या भावाचा, विलासचा, फोन आला की "अक्का, आपली होडी सडली," तेव्हा मी आधी हसले. म्हटलं, "विलास, कांदे सडतात, बटाटे सडतात. आपली होडी फायबरची आहे." तो म्हणाला, "मग ये आणि तूच शिकव तिला विज्ञान." शाळेला सुटी लागलीच होती. पिशवी भरली आणि निघाले.

आमचं गाव रावेर तालुक्यात, नदीला अगदी खेटून. खाली धरण झालं तसा नदीला फुगवटा आला, पात्र रुंदावलं आणि आमचं पलीकडचं वावर, म्हणजे शेत, आणखीच पलीकडे गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरतं, तेव्हा गुडघाभर पाण्यातून चालत जाता येतं. पाणी चढलं की मात्र होडी हवीच. पुलावरून जायचं म्हटलं तर दोन एसट्या बदला, मग पायी चाला, पोचेपर्यंत परतायची वेळ होते. म्हणून पाणी चढल्यापासून ओसरेपर्यंत आबा, म्हणजे आमचे वडील, रोज होडीनं पलीकडे जायचे. मागे इंजिनापाशी बसायचे, एक हात दांड्यावर, डोक्याला उपरणं, आणि जाताना कधी मागे वळून पाहायचे नाहीत.

आई गेल्यावर हे जाणं वाढलं. तिकडे केळी होती, बांधावर निंबाचं झाड होतं, आणि सारखं कुणी "आबा, जेवलात का, गोळी घेतली का" विचारायला नव्हतं. मला वाटतं, ही तिसरी गोष्ट त्यांना सर्वांत जास्त आवडत असावी. आबा आता नाहीत, त्यामुळे खात्री करून घेता येत नाही.

विलासला हे सगळं पसंत नव्हतं आणि त्याचंही चुकत होतं असं मी म्हणणार नाही. त्या वयाचा माणूस, एकटा, भर पाण्यात. तिकडचे लोक वावर विकत मागत होतेच. "देऊन टाकू, आबांनी घरी बसावं," असं त्याचं म्हणणं. आबांचं म्हणणं एवढंच की होडी चालते तोवर मी जाईन. आता होडीच सडली म्हटल्यावर विलासनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "ठीक आहे. पाणी चढायच्या आत होडी नीट झाली, तर जा. नाही झाली तर विषय बंद, वावर विकायचं." आबा म्हणाले, "बंद." आमच्या घरात दोघंही एका शब्दाचे, त्यामुळे मी पोचले तेव्हा वातावरण कसं होतं ते विचारू नका. त्या पाण्यावर आबांचं उरलेलं आयुष्य ठरणार होतं आणि ते स्वतः ओट्यावर बसून शांतपणे सुपारी कातरत होते.

होडी आजारी होती हे मात्र खरं. आधी दोन माणसं ओढून तिला काठावर घ्यायची, गेल्या दिवाळीनंतर बाहेर काढताना चार लागले होते. आबांनी तेव्हा गाळाला दोष दिला. तळावर पाय ठेवला की तो आत दबायचा, ओल्या गादीवर उभं राहिल्यासारखं वाटायचं. आणि मागच्या ज्या फळीला इंजिन आवळतात, ती फळी वाकायला लागली होती. जोर दिला की इंजिन मान टाकायचं. वरून पाहाल तर होडी टकाटक, पिवळा रंग चकाकतोय, ओरखडा नाही. हेच मला बेचैन करत होतं.

आबांनी टरबूज वाजवतात तशी ती बोटानं वाजवून दाखवली. तापीच्या वाळूत टरबुजाच्या वाड्या लागतात, त्यामुळे हा कान आमच्याकडे सगळ्यांनाच असतो. चांगल्या जागी टण् वाजे, वाईट जागी बद्. मी आबांच्या मागे खडू घेऊन फिरले. जिथे बद्, तिथे फुली. संध्याकाळपर्यंत तळ फुल्यांनी भरला, मागची फळी तर सगळीच पांढरी झाली. आबा गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि म्हणाले, "समजलं मले. होडीले पोंगासड झाली."

आता हे बाहेरच्यांना सांगायला हवं. आमचा मुलूख केळीचा. आमच्या तोंडात ळ टिकत नाही, आम्ही केळी पिकवतो आणि केयी म्हणतो, पण केळीचे रोग मात्र आम्हाला नावानिशी पाठ. केळीच्या झाडाच्या मधोमध जे कोवळं, गुंडाळलेलं पान वर येतं, तो पोंगा. तो आतल्या आत कुजायला लागला की पोंगासड. बाहेरची पानं हिरवीगार असतात आणि आत चिखल. त्यावर औषध नाही. असं झाड दिसलं की मुळासकट उपटायचं आणि वावराबाहेर पुरायचं, नाहीतर बाग जाते. हे आबांनीच आम्हाला शिकवलेलं.

विलासनं ते बरोबर पकडलं. "पोंगासड ना? मग तुम्हीच सांगा आबा, पोंगासड झाल्यावर काय करतात?"

आपल्याच शब्दात असा माणूस अडकलेला मी क्वचित पाहिला. मग आबा म्हणाले, "केयीचा पोंगा काढला तर झाड मरतं. होडीचा पोंगा काढून दुसरा भरता येतो का, ते पाह्यलं पाह्यजे." आणि माझ्याकडे पाहिलं. एवढं पाहणं मला पुरे होतं.

गावात फायबरचं काम करणारं कुणी नव्हतं. भुसावळला कूलरच्या बॉड्या बनवणारा एकजण माझ्या ओळखीचा होता, सुकदेव नाव, मूळचा पारोळ्याकडचा. त्याची अहिराणी अशी ठसठशीत की आबा त्याला पहिल्या तासातच चिडवायला लागले, "काय शे रे शेवाले, कसं शे?" आमच्या 'आहे'ला अहिराणीत 'शे' म्हणतात ना. सुकदेव जन्मात कधी होडीत बसला नव्हता. पण हिंमत दांडगी. होडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "आबा, कूलर काय, मी विमानले बी ठिगळ लाई देसू!" विलासनं कपाळाला हात लावला.

कटर चालला आणि तळाचा वरचा पापुद्रा चौकोनी कापून निघाला. निघताना असा आवाज झाला, जसा चिखलातून पाय उपसताना होतो. आम्ही सगळे एकदम वाकलो आणि एकदम मागे सरलो. काय तो वास! बंद पडलेल्या विहिरीचा असतो तसा. आत लाकूड होतं. म्हणजे एके काळी लाकूड होतं, आता चहाचा चोथा. काळा, ओला, खुरप्यानं ओढला की घसाघसा निघणारा, आणि त्यात बुरशीचे पांढरे धागे. "आबा, हाई ते बठ्ठं सडी गयं!" सुकदेव ओरडला. दुःखानं नाही, आश्चर्यानं. आम्ही सगळेच आश्चर्यात होतो. इतकी वर्षं आम्ही प्लॅस्टिकच्या होडीत बसतोय असं समजत होतो आणि बसत होतो लाकडाच्या.

मला तर इतका आनंद झाला की बोलायची सोय नाही. म्हणजे असं असतं होय! फायबर नुसतं असलं तर लवतं, म्हणून दोन पापुद्र्यांच्या मध्ये लाकडाचा गाभा घालतात, मग ते ताठ राहतं आणि जडही होत नाही. मी हे आबांना सांगितलं, कल्पनाला सांगितलं, पाहायला आलेल्या अर्ध्या गावाला सांगितलं. कल्पना म्हणजे विलासची बायको. ती भाकरीची टोपली घेऊन काठावर आली होती. माझं व्याख्यान ऐकून घेऊन तिनं शांतपणे विचारलं, "पण अक्का, दोन्हीकडून बंद आहे, तर पाणी शिरलं कुठून?"

बरोबर प्रश्न तिनं विचारला होता आणि तो मला सुचला नव्हता, याचा मला थोडा रागच आला.

उत्तर आम्हाला तळाच्या पट्ट्यांखाली सापडलं. पावसाळ्यात पलीकडच्या वावरापर्यंत ट्रक जात नाही, तेव्हा केळीचे घड होडीतून अलीकडे यायचे. ते घरंगळू नयेत म्हणून आबांनी तळावर लाकडी पट्ट्या स्क्रूनं ठोकल्या होत्या. आणि घडांना डाग पडू नये म्हणून पट्ट्यांवर केळीची ओली पानं अंथरायचे, ताजी, दररोज, जशी आम्ही सगळेच ट्रकमध्ये अंथरतो. ती पानं तिथंच राहायची. त्यांचा ओलावा स्क्रूच्या भोकातून आत झिरपायचा. लाकूड उघडं असतं तर भिजलं असतं आणि उन्हात वाळलंही असतं. दोन्हीकडून बंद असल्यामुळे आत गेलेलं पाणी बाहेर येऊच शकलं नाही. केळी एकदम बिनडाग यायची. बाजारात आबांच्या घडाचं नाव होतं.

आबा त्या भोकांकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "घडाले डाग पडू नही म्हणून करत होतो, माय." काही बोलायचं म्हणून मी म्हटलं, "आबा, तुम्ही होडीला केळीसारखं वागवलं, म्हणून तिला केळीचा रोग झाला." ते हसले. हसले हे बरं झालं, नाहीतर मी तिथंच रडायला लागले असते.

मग आम्ही पोखरायला बसलो. खुरपी, उलथणं, जुना चमचा, ज्याच्या हाताला जे लागलं ते. सुकदेव कटरनं कडा मोकळ्या करायचा आणि आम्ही चोथा काढायचो. फायबरची भुकटी अंगावर बसली की खाजकुइली लागल्यासारखं होतं. सुकदेवनं सांगितलं होतं, बाह्या खाली ठेवा, पावडर लावा. आम्ही ऐकलं नाही आणि रात्री घरभर सगळे खाजवत बसलो. विलास काठाकडे फिरकत नव्हता, त्यामुळे घरात न खाजवणारा तो एकटाच. आमच्याकडे पाहून म्हणायचा, "मजा आहे बुवा तुमची." दोन दिवस असं म्हणाला आणि तिसऱ्या दिवशी केळी पोचवून परत येणाऱ्या ट्रकमध्ये पाण्यात टिकणाऱ्या प्लायच्या फळ्या घेऊन आला. "मी फक्त आणल्यात," आम्ही काही बोलायच्या आत त्यानं सांगून टाकलं, "माझं मत तेच आहे."

आता खरी गंमत. नवा गाभा घालायचा तर आतली खोबण पूर्ण कोरडी हवी. थोडी जरी ओल राहिली तर ती पुन्हा बंद होणार आणि पुन्हा तेच रामायण. आमच्या भागातलं ऊन म्हणजे काय, वाळवणाला दुसरं काही लागतच नाही. दगड तापून हात लावू देत नव्हते. होडी उन्हात उघडी पडली. सुकदेव बोट फिरवून म्हणाला, "हात लाईसन दखा, कोल्लं शे!" कोल्लं म्हणजे कोरडं. आबांनी हात लावला, कोरडं. मी लावला, कोरडं. आकाशात ढग दिसायला लागले होते, रोज दुपारनंतर वावधान, म्हणजे वादळी वारं, उठून केळीची पानं फाटत होती. सगळ्यांना घाई झाली होती आणि सगळ्यांत जास्त आबांना.

कल्पना तेव्हा बिबड्यांच्या कामात होती. शिजवलेल्या ज्वारीच्या पिठाचे हे मोठाले पापड आमच्याकडे घरोघर घालतात. उन्हाळाभर खाटांवर लुगडी पसरून वाळत असतात. ती हात पुसत आली आणि डोक्यावरचा पदर सावरून मला म्हणाली, आबांना सरळ सांगायची तिला सवय नव्हती म्हणून मला म्हणाली, "अक्का, बिबडेही वरून वाळलेले दिसतात. घाई करून डब्यात भरले की दुसऱ्या दिवशी मऊ. हिचं तसं झालं तर?"

"मग कळणार कसं?" मी विचारलं.

तिनं एक कडक वाळलेला बिबडा आणला, खोबणीत ठेवला, वरून प्लॅस्टिकचा कागद घातला आणि त्याच्या कडा चारी बाजूंनी चिखलानं लिंपून टाकल्या. सुकदेवला हे भलतंच लागलं. "आते मन्हं काम बिबडा तपासी का?" म्हणून तो रुसून लांब सावलीत जाऊन बसला. सकाळी कागद काढला तर बिबडा पोळीसारखा दुमडत होता. आम्ही सगळे त्या बिबड्याकडे पाहत राहिलो. हाताला न लागलेली ओल त्याला लागली होती.

त्यानंतर रोज सकाळचा तोच उद्योग झाला. दिवसा होडी उघडी, रात्री आत बिबडा आणि वर कागद. सकाळी चहाच्या आधी सगळे काठावर. आबांच्या हातात बिबडा द्यायचा, ते तो वाकवणार, आम्ही श्वास धरून. वाकला की आबा काही न बोलता तो खाऊन टाकायचे. एका दुपारी वावधान असं उठलं की गावातल्या बागा आडव्या व्हायला लागल्या. ताडपत्री धरायला आम्ही काठाकडे पळालो तर तिथं आधीच कुणीतरी होडीवर पालथं पडून ताडपत्री दाबून धरलेली. विलास होता. आपल्या बागेकडे जायचं सोडून. नंतर म्हणाला, "जवळ होतो म्हणून." तो जवळ नव्हता, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी कुणी त्याला काही म्हटलं नाही.

आणि मग एका सकाळी बिबडा कट्कन मोडला. इतका स्वच्छ आवाज. आबांनी अर्धा तुकडा कल्पनाच्या हातावर ठेवला. सासऱ्यानं सुनेला हातानं काही खायला दिलेलं मी आमच्या घरात तोवर पाहिलं नव्हतं.

सुकदेवचा रुसवा केव्हाच गेला होता. आता त्याची पाळी होती आणि त्यानं जोरात सुरुवात केली. भर दुपारी बादलीभर रेझिन काढलं, त्यात नेहमीच्या मापानं हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारं औषध, घातलं, काडीनं ढवळलं आणि ब्रश बुडवला. ब्रश बाहेर आलाच नाही. बादलीतून धूर निघायला लागला. "पळा!" असं ओरडून सुकदेव आधी पळाला आणि त्याच्यामागे आम्ही. लांबून पाहिलं तर बादली तापून वाकडी झालेली आणि तिच्यात मधोमध ब्रश झेंड्यासारखा उभा. मग उलगडा झाला. कूलरच्या बॉड्या बनतात हिवाळ्यात आणि विकल्या जातात उन्हाळ्यात. बिचाऱ्यानं आयुष्यभर हे काम थंडीतच केलेलं. "हिवाळामा असं नई व्हत!" तो बादलीकडे पाहून पुन्हा पुन्हा म्हणत होता. हवा तापलेली असली की हार्डनर कमी लागतं, आणि बादलीभर कालवलं की ते आपल्याच उष्णतेनं पेटायला उठतं. हे मला ठाऊक असायला हवं होतं, पण तेव्हा मीही पळतच होते.

पुढचं सगळं काम पहाटे उजाडता उजाडता, वाटी वाटी कालवून झालं. फळ्यांना आधी सगळ्या बाजूंनी रेझिन पाजलं, खोबणीत बसवल्या, वर खताच्या भरलेल्या गोण्या ठेवून दाबल्या. त्यावर काचेच्या धाग्यांची चटई, त्यावर रेझिन, पुन्हा चटई. लहान रोलर फिरवून आतले बुडबुडे बाहेर काढायचे, हे काम आबांनी मागून घेतलं. एकेक बुडबुडा कडेपर्यंत ढकलत नेऊन फोडत बसायचे. मी म्हटलं, "आबा, चहा गार होतोय." ते म्हणाले, "होऊ दे वं. हे पाह्य, कसा पळू राह्यला." सत्तरी उलटलेला माणूस, बुडबुड्यामागे लागलेला. माझी ही चौकशीची खोड कुठून आली ते मला त्या सकाळी कळलं. मागच्या फळीचंही तसंच केलं. जुनी भोकं भरून टाकली आणि तळावर यापुढे एकही स्क्रू ठोकायचा नाही, हे आबांनी स्वतःहून कबूल केलं.

पाणी चढलं. नदी गढूळ होऊन फुगली, काठावरच्या पायऱ्या एकेक करत दिसेनाशा झाल्या. होडी पाण्यात घालायच्या दिवशी सुकदेव मुद्दाम भुसावळहून आला. कल्पनानं हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला. आणि होडी ओढायला विलास आणि सुकदेव, दोघंच पुरले. दोघंच! आम्ही टाळ्या वाजवल्या. आबा चढले, तळावर दोनदा पाय आपटून पाहिले, टण्ण. मागे इंजिनापाशी जाऊन बसले. विलास गुडघाभर पाण्यात होडी धरून उभा होता. शब्द दिला होता, आता त्याला काही बोलायला जागा नव्हती.

आबांनी इंजिनची दोरी ओढली. अर्धी आली आणि हात थांबला. पुन्हा ओढली. पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा त्यांनी दुसऱ्या हाताचा आधार घेतला आणि त्यांचं तोंड वेडंवाकडं झालेलं आम्ही सगळ्यांनी पाहिलं. खांदा मागे जातच नव्हता. दिवाळीपासून दोरी ओढली नव्हती. खांदा तेवढ्यात कधीतरी आखडून गेला होता, आणि घरात त्या हाताला एवढं मागे जायची गरज कधी पडलीच नव्हती. त्यांनाही ते त्या क्षणीच कळत होतं.

विलास खालच्या आवाजात म्हणाला, "आबा, उतरा आता." त्याच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. आबा दोरीकडे पाहत बसले होते. मला रडू फुटलं, सरळ सांगते. उन्हाळाभर आम्ही होडी वाजवून पाहिली होती, माणूस वाजवून पाहायचं कुणाला सुचलं नव्हतं.

कल्पनानं पूजेचं ताट माझ्या हातात दिलं. लुगडं वर खोचलं, डोक्यावरचा पदर काढून कमरेला घट्ट बांधला आणि चिखलातून चालत जाऊन होडीत चढली. "आबा," ती म्हणाली, पहिल्यांदाच सरळ त्यांना म्हणाली, "पुढं सरका."

"अगं, काय करतेस?" विलास ओरडला.

"फवारणीचा पंप रोज कोण सुरू करतं? हीच दोरी असते त्याला."

"तुला पोहता येतं का?"

"तुम्हाले येतं का?"

येत नव्हतं. सुकदेव खो खो हसायला लागला. विलासनं इकडेतिकडे पाहिलं आणि पळत जाऊन काठावरच्या ट्रॅक्टरच्या दोन फुगवलेल्या ट्यूबा आणून होडीत फेकल्या. आबा उठले. होडीच्या कडेला धरत धरत, एकेक पाऊल टाकत पुढच्या टोकाला जाऊन बसले. कल्पनानं एक पाय फळीला रोवला आणि दोरी ओढली. एकदा. इंजिन खोकलं. दुसऱ्यांदा ओढली आणि ते सुरू झालं.

होडी आधी वेडीवाकडी गेली, मग आबांनी हात वर केला, चांगला हात, आणि डावीकडे, उजवीकडे असं बोटानं दाखवायला लागले. कल्पना त्या बोटाकडे पाहून दांडा वळवत होती. विलास पाण्यात तसाच उभा राहिला, त्याची पँट वरपर्यंत भिजली तरी त्याला कळलं नाही. आम्ही तिघं काठावर बसून राहिलो, भाकरी खाल्ली, परत पाण्याकडे पाहत बसलो. ऊन कलल्यावर होडी परत आली. कल्पनाच्या तोंडावर असं काही होतं की तिला विचारायची गरज नव्हती. मी आबांना हात देऊन उतरवलं आणि विचारलं, "काय आबा, कसं वाटलं?"

ते मांडीवरचं पाणी झटकत म्हणाले, "इतकी वर्सं मांगं बसून चालवली, माय. पुढं बसून नदी कशी दिसते, ते आज पाह्यलं."